कशाचा प्राध्यापक?

(व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

वॉर्सातला एक नाइट क्लब. मध्यरात्रीची वेळ. विद्यार्थ्यांच्या कोंडाळ्यात दाटीवाटीने बसलेल्या एका पोलिश गृहस्थाशी इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकची ओळख होते आणि लगेचच गट्टी जमते. तेवढ्यात पोलीस समोरच्या एका मुलीला भलत्याच गैरसमजातून पकडून नेतात. हा गृहस्थ ताडकन उठतो, तिच्या बाजूने भांडायला लागतो, आणि पहाटे चारच्या सुमाराला तो आणि ब्रूक दोघेही पोलिसांच्या मुख्य कचेरीत मुलीला सोडवायच्या खटपटीत असतात. तिथे जरा शांतता झाल्यावर ब्रूकच्या लक्षात येतं, की पोलीस या माणसाला 'प्रोफेसर' म्हणताहेत. लेखक असेल, पत्रकार असेल, फार तर पक्षाचा कार्यकर्ता असेल, अशी त्याची अटकळ होती. प्राध्यापकपण काही त्या अंगावर बसत नव्हतं. सुनसान रस्त्यावरून परतताना त्याने विचारलं, कशाचा प्राध्यापक? उत्तर मिळालं, नाटकाचा.

उत्तर खरं होतं आणि कागदोपत्री साफ चुकीचंही होतं.

या माणसाचं नाव यान कॉट. मराठी कानाला कॉट म्हटलं की खाट आठवते. पोलिश कानाला मांजर आठवतं, कारण एक 'टी' कमी केला की त्या भाषेत त्याचा अर्थ मांजर. मांजर कसंही पडलं तरी चार पायांवरच पडतं, अशी पोलिश म्हण आहे. कॉटच्या विरोधकांना ती कधी सुचली नसेल, असं मानणं कठीण. पदवी कायद्याची. डॉक्टरेट साहित्याची. प्राध्यापकी आधी फ्रेंच साहित्याची, मग पोलिश साहित्याच्या इतिहासाची, आणि देश सुटल्यावर अमेरिकेत इंग्रजी आणि तौलनिक साहित्याची. पोलंडमध्ये नाटकाचं अध्यासन त्याला कधी मिळालं नाही. शेक्सपिअर तर तो इंग्रजी विभागाच्या बाकावर बसून शिकलेलाच नव्हता. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेक्सपिअर रंगमंचावर कसा दिसावा, यावर कॉटच्या पुस्तकाइतका परिणाम करणारं दुसरं समीक्षेचं पुस्तक सांगा म्हटलं, तर जाणकारही थोडा वेळ गप्प बसतील.

कॉटचा जन्म २७ ऑक्टोबर १९१४ चा, वॉर्सातला. घर ज्यू, पण पोलिश संस्कृतीत पुरतं मुरलेलं; मुलाला लहानपणीच ख्रिस्ती करून घेतलेलं. वॉर्सा विद्यापीठात कायदा शिकत असताना त्याचं निम्मं लक्ष कवितेत होतं. १९३८ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला. तिथे एका बाजूला त्झारा, ब्रताँ, एल्युआर ही अतिवास्तववादी मंडळी आणि दुसऱ्या बाजूला जाक मारितँसारखा कॅथलिक तत्त्वज्ञ, अशा दोन टोकांच्या बैठकांत तो सारख्याच उत्साहाने बसायचा. १९३९ मध्ये त्याचं लग्न झालं. बायको लिदिया ही ह्युगो स्टाइनहाउसची मुलगी. गणिताच्या वाटेला गेलेल्यांना हे नाव सांगायला नको: ल्वूवच्या स्कॉटिश कॅफेत संगमरवरी टेबलांवर गणितं सोडवणाऱ्या मंडळींतला हा थोरला, स्टेफान बानाखला क्राकूवच्या बागेत हेरणारा हाच.

लग्नाला काही महिने झाले नाहीत तोच युद्ध आलं. वॉर्साच्या बचावात कॉट सैनिक म्हणून लढला, मग सोव्हिएत ताब्यातल्या ल्वूवला गेला, पुढे जर्मनांच्या टाचेखालच्या वॉर्सात परतला. ज्यू रक्ताच्या माणसाने त्या शहरात दिवस काढायचे म्हणजे रोजचं मरण चुकवायचं. तिथेच तो कम्युनिस्टांच्या भूमिगत चळवळीत शिरला. या वर्षांबद्दल फार रंगवून सांगण्यात अर्थ नाही. एवढंच ध्यानात ठेवायचं, की दारावर अवेळी पडलेली थाप म्हणजे काय, हे या माणसाला कुठल्याही ग्रंथालयात शिकावं लागलं नाही.

युद्ध संपलं तेव्हा वॉर्सा म्हणजे विटांचा ढीग. शहाणीसुरती माणसं वूजमध्ये जमली, ज्याला आपण नकाशावर लॉड्झ वाचतो. तिथे १९४५ मध्ये 'कुझ्नित्सा' हे साप्ताहिक सुरू झालं. कुझ्नित्सा म्हणजे लोहारशाळा. नव्या समाजवादी पोलंडची संस्कृती इथे ठोकून घडवायची होती, आणि घण घालणाऱ्यांत कॉट पुढे होता. तरतरीत, विनोदी, बोचरं लिहिणारा. त्याचा सगळ्यात गाजलेला घाव बसला जोसेफ कॉनरॅडवर. कॉनरॅडचे नायक स्वतःच्या इमानाला जागतात, जहाज बुडेपर्यंत कर्तव्य सोडत नाहीत. कॉटने म्हटलं, की हे इमान शेवटी जहाजाच्या मालकाच्याच फायद्याचं असतं, आंधळ्या आज्ञापालनाला दिलेलं ते गोंडस नाव आहे. आपल्याला हा एखाद्या कादंबरीकाराबद्दलचा वाद वाटेल. पोलंडमध्ये तो तसा नव्हता. १९४४ च्या जर्मनांविरुद्धच्या वॉर्सा उठावात हजारो तरुण कॉनरॅड वाचत मेले होते, आणि ज्या होम आर्मी या भूमिगत सेनेच्या इमानावर ते मेले तिला नवं सरकार तुरुंगात टाकत होतं. कादंबरीकार मारिया दोंब्रोव्स्का खवळून उठली आणि तिने कॉनरॅडच्या इमानाच्या कल्पनेवरच उलट लेख लिहिला. या वादात ती बरोबर होती, असं आज बहुतेक पोलिश वाचक म्हणतील. प्रस्तुत लेखकालाही तसंच वाटतं.

१९४६ मध्ये हे लेख 'पुराणकथा आणि वास्तववाद' अशा अर्थाच्या नावाने पुस्तकात आले. पुढच्या वर्षी वूजमध्ये डॉक्टरेट, १९४९ मध्ये 'अभिजातांची शाळा' हे अठराव्या शतकाकडे मार्क्सवादी नजरेने पाहणारं पुस्तक, आणि त्याच वर्षी व्रोत्सवाफ विद्यापीठात फ्रेंच साहित्याची प्राध्यापकी. ल्वूव सोव्हिएत युनियनमध्ये गेल्यावर तिथले पुष्कळ विद्वान उचलून व्रोत्सवाफला आणले होते. सासरे स्टाइनहाउसही त्यांत. १९५२ पासून कॉट वॉर्सा विद्यापीठात पोलिश साहित्याचा इतिहास शिकवू लागला. इतकी सरळ चढती कमान. समाजवादी वास्तववादाचा तो काळ, आणि कॉट त्याचा चांगलाच बोलका वकील.

अशा माणसांची चरित्रं सांगताना हा भाग तरुणपणची चूक म्हणून दोन ओळींत उरकायची रीत आहे. कॉटच्या बाबतीत ती रीत पाळली तर पुढचं काहीच कळत नाही. शेक्सपिअरच्या राजांना चिरडणाऱ्या ज्या यंत्राबद्दल तो नंतर लिहिणार होता, त्याला त्याने स्वतः तेल घातलेलं होतं. आत उभं राहून त्याचा आवाज ऐकला होता.

मग आलं १९५६. फेब्रुवारीत मॉस्कोत सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या काँग्रेसमध्ये ख्रुश्चेव्हने बंद दाराआड स्टॅलिनचे गुन्हे वाचून दाखवले. मार्चमध्ये पोलंडचा सर्वेसर्वा बिएरुत मॉस्कोतच मेला. जूनमध्ये पोझ्नानच्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि सप्टेंबर संपता संपता क्राकूवच्या 'स्तारी तेआत्र'मध्ये, म्हणजे जुन्या थिएटरात, 'हॅम्लेट'चा पडदा वर गेला. दिग्दर्शक रोमान झाविस्तोव्स्की, हॅम्लेट लेशेक हेर्देगेन. कॉट पाहायला गेला आणि परत येऊन त्याने जे परीक्षण लिहिलं त्याच्या शीर्षकातच विसावी काँग्रेस होती.

तोवर हॅम्लेट म्हणजे निर्णय न घेता येणारा, हळवा, कवटी हातात धरून विचार करणारा राजपुत्र. क्राकूवमध्ये कॉटला दिसलं ते पाळत ठेवणारं राज्य. त्याने नाटकाची संहिता उघडून दाखवलं, की एल्सिनोरच्या वाड्यात प्रत्येक जण प्रत्येकावर नजर ठेवून आहे. पोलोनियस मुलाला पॅरिसला पाठवतो आणि त्याच्यामागे माणूस लावतो. मुलीला आमिष म्हणून वापरतो. स्वतः पडद्याआड लपतो आणि तिथेच मरतो. रोझेनक्रान्त्झ आणि गिल्डेनस्टर्न हे मित्र म्हणून बोलावलेले खबरे. डेन्मार्क हा तुरुंग आहे, हे वाक्य त्या रात्री क्राकूवच्या प्रेक्षकाला रूपक वाटलं नाही. या हॅम्लेटच्या हातात कॉटला वर्तमानपत्र दिसलं. तीन आठवड्यांत कम्युनिस्ट नेता गोमुल्का सत्तेवर परतला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण कॉटची विद्वत्ता नेमकी कुठून उगवते ते इथे दिसतं. आपल्याकडे नाटकाचं परीक्षण लिहिणारा वर्तमानपत्रातला आणि नाटकावर प्रबंध लिहिणारा विद्यापीठातला, अशी दोन वेगळी घरं असतात आणि शेजारधर्मही फारसा नसतो. कॉट एकाच घरात राहायचा. 'प्शेग्लोंद कुल्तुराल्नी' या सांस्कृतिक साप्ताहिकात तो परीक्षणं लिहायचा आणि तीच परीक्षणं पुढे त्याच्या ग्रंथांची प्रकरणं व्हायची. १९५६ मध्ये निघालेल्या त्याच्या परीक्षणांच्या दोन खंडांचं नाव 'प्रगती आणि मूर्खपणा' अशा अर्थाचं आहे; त्या वर्षी हे शीर्षक छापणं हीच एक टिप्पणी होती. संहिता, प्रयोग आणि प्रयोगाच्या रात्री प्रेक्षकाच्या डोक्यात काय चाललं होतं, या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय नाटकाबद्दल काही बोलता येत नाही, हा त्याचा धंद्याचा नियम. पहिल्या दोन गोष्टी बाकीचेही पाहायचे. तिसरी गोष्ट पुरावा म्हणून वापरायची हिंमत त्याने केली.

१९५७ मध्ये ब्रूकचं 'टायटस अँड्रॉनिकस' युरोपच्या दौऱ्यात वॉर्साला आलं. टायटस लॉरेन्स ऑलिव्हिए, लव्हिनिया व्हिव्हियन ली. हे नाटक म्हणजे शेक्सपिअरचं तरुणपणचं, हात-जिभा तोडण्याचं, विद्वानांना लाज आणणारं. बलात्कार करून जीभ आणि हात छाटलेली लव्हिनिया रंगमंचावर येते तेव्हा ब्रूकने रक्त दाखवलंच नाही. तिच्या तोंडातून आणि मनगटांतून लाल फिती लोंबत होत्या, बस. कॉट हरखून गेला. शेक्सपिअर क्रूर आहे आणि म्हणूनच खरा आहे, असा त्या लेखाचा रोख. ज्या नाटकाला ग्रंथालयातले लोक रानटी म्हणून बाजूला सारत होते ते वॉर्सातल्या माणसाला अतिशयोक्त वाटत नव्हतं. त्या शहराने याहून वाईट पाहिलं होतं.

पण त्याचा खरा हातखंडा बघायचा तर 'रिचर्ड तिसरा' घ्यावं. लॉर्ड हेस्टिंग्ज हा राजदरबारातला सुखी माणूस. पहाटे त्याच्या दारावर थाप पडते. किती वाजले, तो विचारतो. चारचा ठोका पडतोय, बाहेरून उत्तर येतं. मित्राचा निरोप आहे: वाईट स्वप्न पडलं, आत्ताच्या आत्ता घोड्यावर बसून पळू या. हेस्टिंग्ज हसतो. त्याला खात्री आहे, की रिचर्ड आपला दोस्त आहे आणि आपल्याला काही होणार नाही. साडेतीनशे वर्षं लोकांनी हा प्रसंग वाचला, आणि चार म्हणजे केवळ घड्याळातली वेळ समजून पुढे गेले. कॉट थांबला. या वेळेला कोण येतं, हे आपण सगळे जाणतो, असं तो वाचकाला जवळजवळ डोळा मारून सांगतो. ब्रूकने त्याच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत थट्टेने नेमकं हेच टिपलं, की एलिझाबेथच्या काळावर लिहिणारा हा एकच लेखक असेल जो आपल्या प्रत्येक वाचकाला कधी ना कधी पोलिसांनी मध्यरात्री उठवलेलं आहे असं गृहीत धरून चालतो.

पुढे टॉवरमध्ये राज्याभिषेकाची तारीख ठरवायला सभा बसते. रिचर्ड उशिरा येतो, खुशीत असतो. ईलीच्या बिशपला म्हणतो, तुमच्या बागेतल्या स्ट्रॉबेरी छान आहेत, थोड्या मागवा. बिशप माणूस पाठवतो. रिचर्ड क्षणभर बाहेर जातो, परत येतो तो वेगळाच चेहरा घेऊन, वाळलेला हात दाखवून माझ्यावर चेटूक झालंय म्हणतो, आणि हेस्टिंग्जचं डोकं आणल्याशिवाय जेवायला बसणार नाही अशी शपथ घेतो. टेबलाभोवतीची सगळी मंडळी उठून रिचर्डच्या मागे निघून जातात. स्ट्रॉबेरींचं काय झालं, कुणी विचारत नाही.

आणि त्यानंतर शेक्सपिअर एक चौदा ओळींचा प्रवेश देतो, ज्यात एक कारकून एकटाच कागद घेऊन येतो. हेस्टिंग्जवरचं आरोपपत्र आहे ते. सुवाच्य अक्षरात नक्कल करायला त्याला अकरा तास लागले. मूळ मसुद्याला तेवढेच लागले असणार. पण पाच तासांपूर्वी तर हेस्टिंग्ज जिवंत होता, त्याच्यावर ना आरोप होता ना चौकशी. कारकून बेरीज करतो आणि गप्प बसतो. पन्नासच्या दशकातल्या वॉर्सातल्या कुठल्याही सरकारी कचेरीतल्या माणसाला ही बेरीज शिकवावी लागली नसती. निकाल आधी लिहायचा आणि खटला मागून भरायचा, हे पूर्व युरोपने नुकतंच पाहिलं होतं.

या सगळ्या राजनाटकांतून कॉटने आपली सगळ्यात गाजलेली कल्पना उचलली: 'महायंत्र'. इतिहास म्हणजे एक जिना. प्रत्येक राजा खून करत वर चढतो, वरच्या पायरीवर पाय ठेवतो, आणि ती पायरी कड्याच्या काठावर असते. मग दुसरा येतो. एडवर्ड, हेन्री, रिचर्ड. नावंही तीच ती, आकडा तेवढा बदलतो. चांगला राजा, वाईट राजा असा भेद यंत्राला कळत नाही. १९६० मध्ये वॉर्सातल्या आतेनेउम थिएटरात यात्सेक वोश्चेरोविच या नटाने रिचर्ड केला तेव्हा कॉटला त्यात विदूषक दिसला, म्हणजे यंत्र कसं चालतं हे कळून चुकलेला आणि म्हणून हसणारा माणूस. मार्क्सवादाने कॉटला शिकवलं होतं, की इतिहासाला दिशा असते. महायंत्र ही त्या शिकवणीची उरलेली फ्रेम म्हणायची: चाकं सगळी शाबूत, दिशा तेवढी गायब. १९५७ मध्ये 'एउरोपा' या नियोजित मासिकावर बंदी आली तेव्हा कॉटने इतर काही लेखकांबरोबर पक्ष सोडला होता.

'किंग लिअर'वरचा लेख याहून धीट आहे. डोळे काढलेला म्हातारा ग्लॉस्टर डोव्हरच्या कड्यावरून उडी मारून मरायला निघालाय. वाटाड्या म्हणून सोबत त्याचाच मुलगा एडगर, वेड्या भिकाऱ्याच्या सोंगात. एडगर सांगतो, चढ आहे, समुद्राचा आवाज ऐकू येतोय का? मग खाली उंदराएवढे दिसणारे कोळी, होडीएवढं दिसणारं जहाज, असं खोलीचं वर्णन करतो. ग्लॉस्टर देवांना निरोप देतो आणि उडी मारतो. पडतो तो सपाट फळ्यांवर. कॉट विचारतो, इथे आपण नेमकं काय पाहतो? सिनेमात हा प्रसंग करताच येणार नाही. कॅमेऱ्याला कडा तरी दाखवावा लागेल किंवा कडा नाही हे तरी. नाटकात मात्र नट रिकाम्या फळ्यांवर पाय उचलून उचलून चढ चढतो आणि प्रेक्षकाला कडाही दिसतो आणि नसलेलाही दिसतो. ही विदूषकाची कोलांटी आहे. आत्महत्येने देवांवर आरोप ठेवायचा होता, पण देव नसतील तर आरोपही राहत नाही, उरतं ते पडणं. इथून कॉट थेट बेकेटच्या 'एंडगेम'कडे जातो: आंधळा हॅम, लंगडा क्लॉव्ह. वॉर्सात बेकेटचं 'गोदो' जानेवारी १९५७ मध्येच आलं होतं. आम्हाला कल्पनारम्य काही हवं असलं की आम्ही ब्रेख्त करतो आणि निखळ वास्तववाद हवा असला की 'गोदो' करतो, अशा आशयाचा विनोद कॉटच्या नावावर आहे.

हे लेख १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आले. मूळ पोलिश नाव अगदी साधं, शेक्सपिअरविषयीची रेखाटनं. पुढच्या वर्षीच्या फ्रेंच अनुवादाने त्याला 'आपला समकालीन' केलं, आणि १९६४ मध्ये बोलेस्वाव ताबोर्स्कीच्या इंग्रजी अनुवादातून 'शेक्सपिअर अवर कन्टेम्पररी' हे नाव जगभर झालं. इंग्रजी पुस्तक यायच्या आधीच कॉटचा लिअर ब्रूकपर्यंत पोचला होता. १९६२ चा ब्रूकचा 'लिअर', पॉल स्कोफिल्डचा, आठवतो तो गंजलेल्या पत्र्यांसाठी, चामड्याच्या झिजलेल्या कपड्यांसाठी आणि एका गोष्टीसाठी. ग्लॉस्टरचे डोळे काढल्यावर शेक्सपिअरच्या संहितेत दोन नोकर त्याच्या जखमेला अंड्याचा पांढरा भाग लावायला धावतात. ब्रूकने ते नोकरांचं बोलणंच कापलं. आंधळा म्हातारा ठेचकाळत निघतो, नोकर त्याला धक्के देतात, आणि मध्यंतराआधीच प्रेक्षागृहातले दिवे लागतात. कुणाला अंधारात डोळे पुसायची सोय नाही. १९६४ मध्ये हा प्रयोग युरोपभर फिरला, आणि बुडापेस्ट ते मॉस्को या टप्प्यात, जिथे इंग्रजी समजणारे मोजके होते, तिथे तो सर्वांत चांगला झाला, इंग्रजी समजणाऱ्या फिलाडेल्फियात मात्र पडला, असं ब्रूकनेच लिहून ठेवलंय.

इंग्रजीच्या प्राध्यापकांना हे पुस्तक सोसलं नाही, आणि त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. कॉट सोयीचं तेवढंच उचलतो. नोकरांचा तो अंड्याचा पांढरा भाग, कॉर्डेलियाची क्षमा, शेवटच्या क्षणी एडमंडला सुचलेलं चांगलं, यांना त्याच्या हिशेबात जागा नाही. कोणत्या वर्षी काय छापलं गेलं, कोणती आवृत्ती विश्वासार्ह, याची त्याला फिकीर नाही. राजनाटकांत तो यंत्र शोधतो आणि फॉलस्टाफच्या पोटाएवढी मोठी गोष्ट ओलांडून पुढे निघून जातो. हे सगळे आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते: आक्षेप घेणाऱ्यांच्या पुस्तकांतून फारसे प्रयोग उभे राहिले नाहीत. १९६७ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने 'ॲज यू लाइक इट' सगळ्या पुरुष नटांकडून करून घेतलं, क्लिफर्ड विल्यम्सच्या दिग्दर्शनाखाली, ते रोझलिंडच्या बदलत्या लिंगावरच्या कॉटच्या लेखाच्या आधाराने. १९७१ च्या पोलान्स्कीच्या 'मॅकबेथ'च्या शेवटी नव्या राजाचा धाकटा भाऊ पुन्हा चेटकिणींच्या गुहेकडे वळतो. जिना परत सुरू. पोलान्स्कीही युद्धातल्या पोलंडचाच.

मार्च १९६४ मध्ये चौतीस लेखक-विद्वानांनी पंतप्रधानांना दोन वाक्यांचं पत्र दिलं: पुस्तकांसाठी कागदाची टंचाई आणि सेन्सॉरची कडक कात्री यांबद्दल. कॉटची सही त्यात होती. १९६६ मध्ये तो पाहुणा प्राध्यापक म्हणून येल विद्यापीठात गेला, मग बर्कलीला. तो तिकडे असताना वॉर्सात जे घडलं ते नाटकामुळेच घडलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये काझिमिएझ देय्मेकने राष्ट्रीय थिएटरात आदाम मित्स्क्येविचचं 'पितर' केलं. आपल्या सर्वपित्रीसारखा मृतांना बोलावण्याचा विधी ज्याच्या केंद्रस्थानी आहे असं एकोणिसाव्या शतकातलं काव्यनाट्य. त्यातल्या झारविरोधी ओळींना टाळ्या पडू लागल्या. जानेवारी १९६८ अखेर सरकारने प्रयोग बंद केला, विद्यार्थी रस्त्यावर आले, मार्चमध्ये लाठ्या चालल्या, आणि सरकारने खापर फोडायला ज्यू शोधले. हजारो ज्यूंनी पोलंड सोडलं. कॉटची वॉर्सातली प्राध्यापकी गेली. पासपोर्ट वाढवून मिळेना तेव्हा १९६९ मध्ये त्याने अमेरिकेत आश्रय मागितला. ज्या प्रेक्षकाच्या डोक्यातलं वाचून त्याने नाव कमावलं होतं, तो प्रेक्षक आता समुद्रापलीकडे राहिला.

लाँग आयलंडवरच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात तो १९८३ पर्यंत शिकवत राहिला. पन्नाशी उलटल्यावर, परक्या भाषेत. इथून पुढचा कॉट कमी वाचला जातो, ते बरोबर नाही. बर्कलीत त्याने १९६८ मध्ये युरिपिडीसचं 'ओरेस्टीस' स्वतः बसवलं, व्हिएतनामच्या दिवसांत. १९७३ मध्ये ग्रीक शोकांतिकांवरचं 'द ईटिंग ऑफ द गॉड्स' आलं. त्यातला 'बाकाय'वरचा लेख जिवाचा थरकाप करतो. आई आगावे आपल्याच मुलाचं डोकं काठीवर खोचून नाचत येते, तिला वाटतं सिंह मारलाय. कॉट या प्रसंगातून देव खाण्याच्या जुन्या विधींकडे जातो, कच्चं मांस फाडून खाणाऱ्या डायनायससच्या भक्तांपासून ख्रिस्ती चर्चमधल्या भाकरीपर्यंत. लहानपणी बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यू माणसाने लिहिलेला हा लेख आहे, हे विसरून तो वाचता येत नाही.

'द बॉटम ट्रान्स्लेशन' हे १९८७ चं. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये बॉटम नावाच्या विणकराचं डोकं गाढवाचं होतं आणि पऱ्यांची राणी त्याच्यावर भुलते. साठच्या दशकात कॉटने या प्रेमात रानटी कामवासना पाहिली होती. वीस-पंचवीस वर्षांनी त्याने तेच पान पुन्हा उघडलं, आणि या वेळी शब्दकोश, बायबलची जुनी भाषांतरं, शिमग्यासारख्या युरोपीय कार्निव्हलचा इतिहास हे सगळं घेऊन बसला. सूत ज्यावर गुंडाळतात त्या गाभ्याला विणकर 'बॉटम' म्हणतात. आणि सोळाव्या शतकातल्या एका बायबलात देवाच्या गुपितांच्या तळाला हाच शब्द वापरलाय, नेमका त्या अध्यायात ज्याची मोडतोड करून बॉटम आपलं स्वप्न सांगतो. पूर्वी ज्यांनी त्याला सैल म्हटलं होतं त्यांना हा कॉट दाखवायला हवा. गाढवाचं डोकं आता वरचं खाली आणि खालचं वर करणाऱ्या हसण्याचं झालं होतं. आपलंच गाजलेलं मत इतकं मोकळेपणाने उसवणारे प्राध्यापक थोडे.

मायदेशातल्या रंगभूमीशी त्याचं भांडण चालूच होतं. दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीची नाट्यप्रयोगशाळा जगाने डोक्यावर घेतली तेव्हा कॉटने लेख लिहिला, त्याच्या शीर्षकाचाच अर्थ होता, या पवित्र नाचात मी का सामील व्हावं? बाहेर राजकारण पेटलेलं असताना आत्म्याची कसरत करणारी रंगभूमी त्याला रुचत नव्हती. तादेउश कान्तोरच्या 'मेलेला वर्ग' या नाटकाचं मात्र त्याला फार कौतुक.

त्याचं हृदय पाच वेळा थांबता थांबता राहिलं. आत्मचरित्राला त्याने इंग्रजीत 'स्टिल अलाइव्ह' नाव दिलं, १९९४ मध्ये, आणि त्यात झटक्यांबद्दल परीक्षकाच्या थंडपणाने लिहिलं. कुझ्नित्साचे दिवसही त्यात आहेत.

१९८६ मध्ये, पुस्तकाचा गाजावाजा होऊन दोन दशकं उलटल्यावर, नाट्यसमीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने लंडनच्या यंग व्हिक थिएटरात परिसंवाद भरवला. विषय त्याच्याच पुस्तकाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावून ठरवलेला: शेक्सपिअर अजूनही आपला समकालीन आहे का? कुणाला वाटत होतं आहे, कुणाला वाटत होतं त्याला त्याच्या काळात परत पाठवावा. शेक्सपिअर स्त्रियांवर अन्याय करतो का, परक्या भाषेत तो सोपा होतो का, असले प्रश्न निघाले. बहात्तरीला टेकलेला कॉट तिथे हजर होता. वॉर्सातून निघाल्याला त्याला वीस वर्षं झाली होती, आणि यजमान शहरात त्या वेळी तरी पहाटे चारला कुणी कुणाचं दार वाजवत नव्हतं.